बारावीनंतरचा प्रश्न : महाविद्यालये, विद्यापीठे आणि मासिक पाळीचे साहित्य

१५ ऑगस्ट २०२२ रोजी स्कॉटलंडमध्ये एक आगळा कायदा पूर्णपणे अमलात आला. मासिक पाळीसाठी लागणारे साहित्य ज्या कोणाला हवे असेल, तिला ते विनामूल्य मिळाले पाहिजे, अशी जबाबदारी या कायद्याने तेथील स्थानिक प्रशासनांवर टाकली. शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनीही आपल्या विद्यार्थिनींसाठी हे साहित्य विनामूल्य उपलब्ध ठेवावे, असे बंधन त्यात आहे. राष्ट्रीय स्तरावर असा हक्क कायद्याने देणारा स्कॉटलंड हा जगातील पहिला प्रदेश मानला जातो.

आपल्याकडे ३० जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. मासिक पाळीच्या काळातील आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि सरकारी व खाजगी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना विघटनशील सॅनिटरी नॅपकिन विनामूल्य देण्याचे आदेश दिले. हा निर्णय स्वागतार्ह आहेच. परंतु त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. बारावीनंतर काय? मुलगी पदवीच्या वर्गात गेली की तिची गरज संपते का? आणि तिला शिकविणाऱ्या प्राध्यापिका, कार्यालयातील लिपिक, ग्रंथालयातील मदतनीस व सफाई करणाऱ्या भगिनी यांचे काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

स्कॉटलंडची वाटचाल

श्रीमंत समजल्या जाणाऱ्या ब्रिटनमध्ये असा प्रश्न असेल, यावर पुष्कळांचा प्रथम विश्वास बसत नाही. तथापि, 'प्लॅन इंटरनॅशनल' या संस्थेच्या ब्रिटनमधील शाखेने २०१७ मध्ये १४ ते २१ वयोगटातील मुलींची पाहणी केली, तेव्हा दहापैकी एका मुलीला हे साहित्य विकत घेणे कधी ना कधी परवडले नव्हते, असे दिसून आले. सुमारे निम्म्या मुलींनी पाळीमुळे शाळेचा किमान एक संपूर्ण दिवस बुडविला होता. 'यंग स्कॉट' या संस्थेने २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील दोन हजारांहून अधिक जणींना हाच प्रश्न विचारला. शाळा, महाविद्यालय व विद्यापीठात शिकणाऱ्या सुमारे चारांतील एकीला साहित्य मिळविण्यात अडचण आली होती.

या पार्श्वभूमीवर स्कॉटलंडमध्ये पावले टप्प्याटप्प्याने पडली. २०१७ च्या जुलैमध्ये ॲबर्डीन शहरात ४२ हजार ५०० पौंड खर्चाचा सहा महिन्यांचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. अल्प उत्पन्न गटातील स्त्रिया आणि निवडक शिक्षणसंस्थांतील विद्यार्थिनी यांना त्यातून साहित्य मिळाले. २०१८ च्या शैक्षणिक वर्षापासून सरकारने ५२ लाख पौंडांची तरतूद करून सर्व शाळा, महाविद्यालये व विद्यापीठांना हे साहित्य पुरविण्यास सुरुवात केली. ३ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांपर्यंत ही सोय पोहोचावी, असा त्यामागील हेतू होता. म्हणजे कायदा येण्याच्या आधी तेथील शिक्षणसंस्थांनी हे काम करून पाहिले होते.

मात्र सरकारी योजना आणि कायदेशीर हक्क यांत मोठे अंतर असते. निधी आटला किंवा सरकार बदलले की योजना बंद पडू शकते. हक्काला मात्र कायद्याचा आधार राहतो. हे ओळखून मजूर पक्षाच्या सदस्या मोनिका लेनन यांनी एप्रिल २०१९ मध्ये स्कॉटिश संसदेत विधेयक मांडले. सरकारने प्रारंभी त्यावर आक्षेप घेतले. खर्च अंदाजापेक्षा कितीतरी अधिक होईल, सीमेपलीकडील लोक येऊन साहित्य उचलून नेतील, अशी भीती व्यक्त झाली. पुढे जनमताचा रेटा वाढला व सरकारने भूमिका बदलली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी पहिल्या टप्प्यावर विधेयकाच्या बाजूने ११२ मते पडली, विरोधात एकही नाही. एक सदस्य तटस्थ राहिला. २४ नोव्हेंबर २०२० रोजी ते एकमताने संमत झाले. त्या वेळी वार्षिक खर्चाचा अंदाज सुमारे ८७ लाख पौंड होता.

कायद्यातील तीन अटी

या कायद्याचे मर्म 'विनामूल्य' या एका शब्दात नाही. साहित्य कसे द्यावे याविषयी त्यात ज्या तीन अपेक्षा आहेत, त्या आपण समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली अपेक्षा सुलभतेची आहे. साहित्य सहज हाती लागले पाहिजे. कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला गेलेला, अशी व्यवस्था कागदावर 'उपलब्ध' असली तरी गरजवंतासाठी ती नसल्यासारखीच असते.

दुसरी अपेक्षा प्रतिष्ठेची. साहित्य घेताना कोणापुढे कारण सांगावे लागू नये, नोंदवहीत नाव लिहावे लागू नये, गरिबीचा दाखला द्यावा लागू नये. म्हणून तेथील अनेक विद्यापीठांनी स्वच्छतागृहांतच टोपल्या अथवा पेट्या ठेवल्या. ज्या विद्यार्थिनीला हवे, तिने घ्यावे व निघून जावे.

तिसरी अपेक्षा निवडीची. सर्वांचे शरीर आणि सर्वांची सवय सारखी नसते. पॅड, टॅम्पॉन, पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड, सिलिकॉनचा कप असे प्रकार आहेत. त्यांपैकी वाजवी निवड करण्याची मुभा असावी, असे कायदा सांगतो. शिवाय कोणते साहित्य, कोठे व कशा रीतीने ठेवावे याविषयी शिक्षणसंस्थांनी विद्यार्थिनींशी विचारविनिमय करावा आणि आपली व्यवस्था लेखी स्वरूपात जाहीर करावी, असेही बंधन आहे.

ही विचारविनिमयाची अट किती मोलाची आहे, हे कायदा लागू होताच एका प्रकरणाने दाखवून दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये टे नदीच्या परिसरातील काही शिक्षणसंस्था व स्थानिक प्रशासने यांनी मिळून या कामासाठी एक प्रादेशिक अधिकारी नेमला. तो पुरुष होता. त्यावरून देशभर वादळ उठले व पुढच्याच महिन्यात ते पदच रद्द करण्यात आले. पुरुषांनी या विषयात काम करू नये, असा धडा त्यातून घेणे योग्य होणार नाही. उलट वडील, बंधू, प्राध्यापक आणि प्राचार्य यांनी या विषयावर मोकळेपणाने बोलणे अगत्याचे आहे. खरा धडा असा की, ज्यांच्यासाठी काम करावयाचे, त्यांचा विश्वास आधी मिळवावा लागतो. तो नसेल तर चांगल्या कार्यालाही वादाचे गालबोट लागते.

कर्मचाऱ्यांचे काय?

स्कॉटलंडच्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर जे बंधन घातले, ते मुख्यत: विद्यार्थिनींसाठी आहे. तेथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांना स्थानिक प्रशासनाकडून साहित्य मिळू शकते. अनेक विद्यापीठांनी स्वत:हून आपल्या पेट्या कर्मचारी आणि पाहुण्यांसाठीही खुल्या ठेवल्या आहेत. व्यवहाराच्या दृष्टीने हेच शहाणपणाचे आहे. एकाच स्वच्छतागृहातील पेटीतून विद्यार्थिनीने पॅड घ्यावा आणि तेथे झाडलोट करणाऱ्या स्त्रीने घेऊ नये, असा नियम करणे क्रूरपणाचे ठरेल आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे अशक्यही आहे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कॅनडाने वेगळी वाट चोखाळली. १५ डिसेंबर २०२३ पासून तेथील केंद्रीय नियमांखाली येणाऱ्या मालकांना, म्हणजे बँका, रेल्वे, विमानसेवा अशा आस्थापनांना, आपल्या कामगारांसाठी हे साहित्य विनामूल्य ठेवणे बंधनकारक आहे. हात धुण्यासाठी साबण ठेवतात, तसेच पाळीचे साहित्यही कामाच्या ठिकाणी असावे, अशी त्यामागील भूमिका. कॅनडातील विद्यापीठे प्रांतिक कायद्यांखाली येत असल्याने हा नियम त्यांना आपोआप लागू होत नाही. परंतु त्यामागील तत्त्व विद्यापीठांनाही तितकेच लागू आहे.

अन्य देशांतही हालचाल दिसते. फ्रान्सने २०२१ मध्ये विद्यार्थी वसतिगृहांत व विद्यापीठांच्या आरोग्यकेंद्रांत हे साहित्य विनामूल्य देण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून तेथील राज्य विद्यापीठाच्या व सामुदायिक महाविद्यालयांच्या प्रत्येक परिसरात किमान एका मध्यवर्ती ठिकाणी असे साहित्य ठेवणे अनिवार्य केले. 'किमान एक ठिकाण' ही अट पाहता स्कॉटलंडचा कायदा किती पुढे आहे, हे ध्यानात येते. विस्तीर्ण परिसराच्या एका टोकाला असलेली पेटी दुसऱ्या टोकाला तास चालू असलेल्या मुलीच्या काय उपयोगी पडणार?

आपल्याकडील स्थिती

भारतातही गेल्या काही वर्षांत बरेच घडले आहे. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्याच वर्षी ८ मार्च रोजी महाराष्ट्र शासनाने 'अस्मिता' योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देण्याची ती योजना होती. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक या दराने विकले जाऊ लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटात पाळीच्या वेळी आरोग्यदायी साधने वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ७७ टक्क्यांवर गेले. प्रगती निश्चित आहे. तरीही जवळजवळ चारांतील एक तरुणी अजून तिच्याबाहेर राहिली.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात केरळने जानेवारी २०२३ मध्ये लक्ष वेधून घेतले. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने विद्यार्थिनींना उपस्थितीच्या अटीत दोन टक्क्यांची सूट दिली आणि केरळ सरकारने ती राज्यातील विद्यापीठांना लागू केली. ७५ टक्क्यांऐवजी ७३ टक्के उपस्थिती असली तरी विद्यार्थिनीला परीक्षेला बसता येईल, असा हा निर्णय. पाळीच्या वेदनेमुळे घरी राहावे लागणाऱ्या मुलीला यातून दिलासा मिळतो. परंतु जिला केवळ पॅड हाताशी नाही म्हणून घरी जावे लागते, तिला सूट देण्यापेक्षा पॅड देणे अधिक न्याय्य नव्हे काय?

यातील बहुतेक शासकीय योजनांचा रोख शाळकरी मुलींवर राहिला आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला एकसमान राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगितले, तेही शाळकरी मुलींच्या संदर्भात. २०२६ चा निर्णय बारावीपर्यंत येऊन थांबतो. महाराष्ट्रात याचा एक विचित्र परिणाम संभवतो. आपल्याकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा एकाच इमारतीत, एकाच संस्थेच्या छत्राखाली चालते. अकरावी-बारावीच्या मुलीला जे साहित्य हक्काने मिळावयास हवे, तीच मुलगी पुढच्या जूनमध्ये वरच्या मजल्यावर पदवीच्या पहिल्या वर्षाला बसली की तिचा हक्क संपतो. इमारत व जिना तोच, मुलगीही तीच. बदलते ते केवळ हजेरीपट.

खेड्यापाड्यांतून एस.टी.ने किंवा लोकलने दोन-दोन तास प्रवास करून येणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. सकाळी सहाला घर सोडलेली मुलगी सायंकाळी परतते. पॅड साधारणपणे चार ते सहा तासांनी बदलावा, असे डॉक्टर सांगतात. टॅम्पॉन तर आठ तासांपेक्षा अधिक ठेवणे धोक्याचे असते. पाळी अनपेक्षितपणे आली तर गेटबाहेरचे औषधाचे दुकान गाठावे लागते. तेथे पुरुष विक्रेता, सभोवती गिऱ्हाइके, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत लपवून दिलेले पाकीट. पुष्कळ मुली त्यापेक्षा उरलेले तास सोडून घरी जाणे पसंत करतात. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिकेला तर तेही शक्य नसते, कारण तास बुडाला की त्याचे मानधन बुडते. कंत्राटी सफाई कामगार स्त्रीची अवस्था त्याहून बिकट. ती इतरांसाठी स्वच्छतागृह स्वच्छ ठेवते, पण तिच्या गरजेचा विचार त्या स्वच्छतागृहात कोणी केलेला नसतो.

आक्षेपांचा विचार

या कल्पनेवर काही आक्षेप घेतले जातात. ते प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, ज्यांना परवडते त्यांना फुकट कशाला द्यावयाचे? गरजू मुलींची यादी करून त्यांनाच द्यावे. वरवर पाहता हे योग्य वाटते. परंतु यादी म्हटली की अर्ज आला, अर्ज म्हटला की सही आली आणि नाव घेऊन हाक मारणे आले. ज्या मुलीला खरी गरज आहे, तीच संकोचाने त्या यादीपासून दूर राहील. शिवाय अनपेक्षित पाळी श्रीमंत व गरीब असा भेद करीत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळाशी आपण कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागत नाही. हा विषयही त्याच जातीचा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. एका महाविद्यालयात एक हजार मुली आहेत, असे समजा. पाळीचे पाच दिवस आणि दिवसाला चार पॅड धरले तर प्रत्येकीला महिन्याला वीस पॅड लागतील. एक रुपया दराने सर्वांची संपूर्ण गरज भागवावयाची म्हटले तरी महिन्याला वीस हजार रुपये होतात. प्रत्यक्षात बहुतेक मुली आपले साहित्य घरून आणतील व अडचणीपुरतेच येथून घेतील. सरासरी दोन पॅड धरल्यास खर्च दोन हजार रुपये. पेट्या, वाहतूक, चांगल्या प्रतीचे पॅड यांचा खर्च निराळा धरला तरी हा आकडा एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मंडपापुढे नगण्य ठरावा.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. मुली मूठभर पॅड उचलून घरी नेतील, असे म्हटले जाते. प्रारंभी असे घडेलही. ज्या वस्तूची टंचाई असते, तिचा साठा करण्याकडे माणसाचा कल असतो. उद्याही मिळणार आहे, अशी खात्री पटली की तो कल कमी होतो. आणि एखादीने धाकट्या बहिणीसाठी दोन पॅड जास्त नेले, तर त्यातून तिच्या घरची स्थिती कळते. तिला चोर ठरविण्यापूर्वी एवढा विचार व्हावा.

चौथा आक्षेप सर्वाधिक गंभीर आहे, तो कचऱ्याचा. बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिक असते. वापरलेले पॅड शौचकूपात टाकले की नळ तुंबतात, उघड्यावर टाकले तर कचरा वेचणाऱ्या भगिनींना ते हातांनी वेगळे करावे लागतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी उत्पादकांना पॅडसोबत गुंडाळण्यासाठी पिशवी देण्यास सांगितले होते. अनेक संस्थांनी छोटी दहनयंत्रे बसविली. परंतु अपुऱ्या तापमानाला प्लॅस्टिक जाळले तर विषारी वायू बाहेर पडतात. त्यामुळे पेटी ठेवण्याचा निर्णय घेताना झाकणाचा कचरापेटारा, गुंडाळण्यासाठी कागद, पाणी आणि दाराला आतून कडी यांचाही निर्णय घ्यावा लागतो. केरळमधील कुंबळंगी गावाने २०२२ मध्ये कपच्या वापराला चालना देऊन सॅनिटरी नॅपकिनमुक्त गाव म्हणून नाव मिळविले. महाविद्यालयांतही इच्छुक मुलींना योग्य मार्गदर्शनासह कप वा कापडी पॅड देता येतील. मात्र त्यासाठी स्वच्छ पाणी हवे आणि सक्ती नको.

विटाळाची सावली

या सर्व व्यावहारिक प्रश्नांच्या मागे एक जुनी सावली उभी आहे. 'कावळा शिवला', 'ती बाहेरची आहे' असे शब्द आपल्या भाषेत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. विटाळाच्या या कल्पनेला मराठी भूमीतूनच आव्हान मिळाले होते. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाविषयी परखड प्रश्न विचारला. ख्रिस्ती वाचकाला मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आठवेल. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली एक स्त्री गर्दीतून लपतछपत येऊन प्रभू येशूच्या वस्त्राला स्पर्श करते. तत्कालीन नियमानुसार तिचा स्पर्श विटाळ मानला जाई. प्रभू तिला दटावत नाही. तो तिला कन्या म्हणून संबोधतो आणि सर्वांसमक्ष तिची प्रतिष्ठा तिला परत देतो. त्या स्त्रीला लपून यावे लागले होते, ही गोष्ट आपण विसरू नये. आजही आपल्या मुलींना लपूनच पॅड मागावा लागत असेल, तर दोन हजार वर्षांत आपण काय शिकलो?

आपण काय करू शकतो

कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. स्कॉटलंडमध्येही शिक्षणसंस्थांनी कायद्यापूर्वी चार वर्षे हे काम सुरू केले होते. आपल्या समाजातील अनेक जण महाविद्यालयांच्या व्यवस्थापनावर, पालक-शिक्षक संघांत, माजी विद्यार्थी मंडळांत आहेत. पुष्कळ भगिनी प्राध्यापिका, परिचारिका व समाजसेविका म्हणून कार्यरत आहेत. त्यांनी आपापल्या संस्थेत तीन प्रश्न विचारावेत. पाळीचे साहित्य कोठे ठेवले आहे? ते कोणालाही न विचारता घेता येते का? आणि ते विद्यार्थिनींबरोबर कर्मचारी स्त्रियांसाठीही आहे का?

उत्तर नकारार्थी आले, तर एका स्वच्छतागृहातील एका पेटीपासून आरंभ करावा. प्रथम मुलींना व सफाई कामगार भगिनींना विचारावे की, पेटी कोठे हवी. ती दर सोमवारी भरण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी, कारण रिकामी पेटी ही नसलेल्या पेटीपेक्षा अधिक निराशा करते. सहा महिन्यांनी हिशेब मांडावा, किती लागले, किती खर्च आला, काय चुकले. हा हिशेब विद्यापीठापुढे आणि शासनापुढे ठेवला, तर बारावीच्या रेषेपलीकडे हा हक्क नेण्याची मागणी अनुभवाच्या आधारावर करता येईल.

येत्या जूनमध्ये आपल्या धर्मग्रामातील अनेक मुली प्रथमच पदवीच्या वर्गात पाऊल ठेवतील. शुल्क, पुस्तके आणि प्रवासाचा पास यांची तजवीज त्यांचे आईवडील करतीलच. त्या ज्या संस्थेत जातील, तेथील स्वच्छतागृहाची चौकशीही प्रवेशाच्या दिवशीच करावी. ती आईने केली तर उत्तम, आणि वडिलांनी केली तर अधिक उत्तम.